चालायला सांगितले आहे, पण चालायचे कोठे?

साठी उलटलेल्या माणसाच्या हाती डॉक्टर औषधांची चिठ्ठी देतात, तेव्हा तिच्या शेवटी बहुधा एक ओळ असते : 'रोज अर्धा तास चालणे.' रक्तदाब असो, मधुमेह असो, गुडघ्यांची कुरकुर असो वा झोपेची तक्रार, ही ओळ सहसा चुकत नाही. ती योग्यही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शनानुसार पासष्ट वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि आठवड्यातून तीन दिवस तरी तोल सांभाळण्याचा सराव होईल असे व्यायाम करावेत. चालणे हा त्यातला सर्वांत स्वस्त आणि बहुतेकांना जमणारा मार्ग.

चिठ्ठीवरच्या गोळ्या कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. चालण्यासाठी मात्र रस्ता लागतो. त्या रस्त्याला सलग पदपथ लागतो आणि तो रस्ता ओलांडून पलीकडे जाता यावे लागते. नेमके येथेच अनेकांचे चालणे थांबते. पाय थकलेले नसतात, श्वासही पुरतो; पण घरासमोरच्या चौकात उभे राहिले की छातीत धडधडते आणि माणूस माघारी वळतो.

आपल्या घरातील ज्येष्ठांचे गेल्या तीन-चार वर्षांतील फिरणे आठवून पाहा. आधी पलीकडची बाग सुटते, कारण मधला रस्ता मोठा आहे. मग मंदिर सुटते, कारण तेथील सिग्नल फार लवकर बदलतो. मग भाजी घरी मागवली जाते. "आई, तू कशाला जातेस? मी येताना आणते." "बाबा, एकटे नका जाऊ हं आता." ही वाक्ये आपण प्रेमानेच उच्चारतो. मात्र प्रत्येक वाक्यासरशी त्या व्यक्तीचे वर्तुळ आणखी लहान होते. अखेरीस ते सोसायटीच्या फाटकापर्यंत आणि मग गॅलरीपर्यंत येऊन थांबते.

वर्तुळ लहान झाले की शरीरही त्याप्रमाणे बदलते. न वापरलेले स्नायू झिजतात, तोल बिघडतो, पडण्याची भीती वाढते. भीतीमुळे हालचाल आणखी कमी होते आणि त्यामुळे पडण्याची शक्यता खरोखरच वाढते. हे दुष्टचक्र वृद्धांच्या डॉक्टरांना चांगले परिचित आहे. त्याची सुरुवात पुष्कळदा शरीरात न होता रस्त्यावर होते, याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. म्हणूनच रस्त्याची रचना हा विषय आज या पाक्षिकात घेतला आहे. तो जितका अभियंत्यांचा आहे, तितकाच आरोग्याचाही आहे.

सहा सेकंदांचा प्रश्न

पादचाऱ्यांसाठी सिग्नलचा वेळ ठरवताना माणूस एका सेकंदात सुमारे १.२ मीटर चालतो असे सामान्यतः गृहीत धरले जाते. तरुण, निरोगी माणसाला हा वेग सहज साधतो. सत्तरीच्या पुढच्या पुष्कळ व्यक्तींचा स्वाभाविक वेग मात्र सेकंदाला ०.८ ते ०.९ मीटरच्या आसपास असतो. गुडघेदुखी असेल, हातात काठी किंवा पिशवी असेल, तर तो आणखी घटतो.

आता साधे गणित करून पाहू. समजा, रस्ता १४ मीटर रुंद आहे. १.२ मीटरच्या वेगाने तो ओलांडायला सुमारे १२ सेकंद लागतात. ०.८ मीटरच्या वेगाने चालणाऱ्या आजींना साडेसतरा सेकंद लागतील. सिग्नल १२ सेकंदांचा असेल, तर तो संपतो तेव्हा आजी साडेनऊ मीटरपर्यंत पोहोचलेल्या असतात. पलीकडची कडा अजून साडेचार मीटर दूर असते आणि समोरची वाहने सुटलेली असतात. आजींची येथे काहीही चूक झालेली नाही. त्यांनी नियम पाळला, हिरवा दिवा लागल्यावरच पाऊल टाकले. तो वेळ मोजतानाच त्यांचा विचार झालेला नव्हता.

वेगाखेरीज आणखीही गोष्टी आहेत. मोतीबिंदूची सुरुवात असेल तर समोरून येणाऱ्या दिव्यांची तिरीप डोळ्यांवर पसरते. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्म्यातून खाली पाहताना पायरीची कड अस्पष्ट दिसते. कानांनी कमी ऐकू येत असेल तर मागून येणारी दुचाकी कळत नाही; विजेवरच्या दुचाकींचा तर आवाजही फार कमी असतो. शिवाय वय वाढल्यावर येणारे वाहन किती लांब आहे हे बऱ्यापैकी कळत असले, तरी ते किती वेगाने येत आहे याचा अंदाज चुकू लागतो. 'लांब आहे' असे वाटून पाऊल पुढे पडते आणि वाहन अपेक्षेपेक्षा लवकर येऊन ठेपते.

वाहनाच्या वेगाचे महत्त्वही समजून घेतले पाहिजे. वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते, हा भौतिकशास्त्राचा नियम आहे. ताशी ३० किलोमीटरच्या वेगाने धडक बसलेला पादचारी वाचण्याची शक्यता मोठी असते. वेग ५०-६० वर गेला की ती झपाट्याने घटते. ठिसूळ झालेल्या हाडांच्या बाबतीत तर सौम्य धडकही खुब्याच्या फ्रॅक्चरला पुरेशी ठरते. २०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते. म्हणजे साधारण पाचांतील एक.

जंगली महाराज रस्त्याचा धडा

रस्ता बदलता येतो का? येतो, आणि त्याचे उदाहरण आपल्या जवळच आहे. पुण्याचा जंगली महाराज रस्ता बहुतेक मराठी वाचकांना ठाऊक असेल. बालगंधर्व रंगमंदिर, संभाजी उद्यान, पाताळेश्वर लेणी, जंगली महाराजांचे मंदिर अशी ठिकाणे याच रस्त्यावर आहेत. १९७०च्या दशकात बांधलेला हा रस्ता वर्षानुवर्षे खड्ड्यांविना टिकला, म्हणून त्याची ख्याती आहे. मात्र रस्ता मजबूत असणे आणि तो चालणाऱ्यासाठी सुखाचा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रुंद, एकेरी वाहतुकीच्या या रस्त्यावर वाहने वेगाने जात आणि कडेला पार्किंगची दाटी असे.

पुणे महापालिकेने २०१६ साली पादचारी धोरण स्वीकारले. शहरातील रस्त्यांची रचना कशी असावी याची मार्गदर्शक तत्त्वेही त्याच सुमारास तयार झाली. त्यानंतर जंगली महाराज रस्त्याच्या काही भागाची नव्याने मांडणी करण्यात आली. वाहनांसाठीचा भाग सर्वत्र सारख्या रुंदीचा ठेवून उरलेली जागा पदपथाला देण्यात आली. पार्किंगसाठी ठरावीक कप्पे आखले गेले. जुनी झाडे न तोडता पदपथातच सामावून घेतली गेली. बसायला बाके आली, सायकलींसाठी मार्ग आला, मुलांना खेळण्यासाठीही थोडी जागा निघाली.

या मांडणीतील एक गोष्ट ज्येष्ठांच्या दृष्टीने फार मोलाची आहे. पूर्वी जो पदपथ केवळ पुढे जाण्यासाठी होता, तेथे थांबता येऊ लागले. वयस्क माणसाला अर्धा किलोमीटर सलग चालणे कदाचित जड जाईल. पण दर शंभर-दीडशे मीटरवर सावलीत टेकायला बाक असेल, तर तोच माणूस एक किलोमीटरही आनंदाने फिरून येतो. हृदयविकार, दमा, पाठीच्या मणक्याचा त्रास असलेल्यांसाठी बाक ही चैन नव्हे, तो चालण्याचाच भाग आहे.

अर्थात, एकदा रस्ता बांधला की काम संपले, असे होत नाही. रुंद, सपाट पदपथ दिसला की दुचाकीस्वारांना मोह होतो. देखभाल ढिली पडली की फरशा उखडतात, झाकणे खचतात. चांगल्या रचनेला रोजची राखण लागते आणि ती राखण नागरिकांच्या डोळ्यांखेरीज होत नाही.

आणखी एक उदाहरण पुण्यातलेच आहे. ११ डिसेंबर २०२१ रोजी महापालिकेने पादचारी दिन साजरा केला आणि कायम गजबजलेल्या लक्ष्मी रस्त्याचा काही भाग त्या दिवशी वाहनांसाठी बंद ठेवला. एका दिवसाने रस्ता बदलत नाही, हे खरे. परंतु वाहने नसलेला लक्ष्मी रस्ता कसा असू शकतो, हे त्या दिवशी लोकांना पाहता आले. रस्त्याच्या मधोमध निर्धास्त चालण्याची कल्पनाच आपण विसरून गेलेलो असतो. ती आठवण करून देण्यासाठी असे दिवस उपयोगी पडतात.

चांगला रस्ता कसा ओळखावा?

आपण अभियंते नसलो तरी काही खुणा ठाऊक असाव्यात. म्हणजे आपल्या रस्त्यात काय कमी आहे, हे नेमके सांगता येते.

पहिली खूण पदपथाची. इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था आपल्या देशात रस्त्यांची मानके ठरवते. तिच्या २०१२ सालच्या पादचारी सुविधांविषयीच्या मानकानुसार, पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर रुंदीची अडथळाविरहित जागा हवी. एवढ्या जागेत चाकाची खुर्ची आणि समोरून येणारा माणूस एकमेकांना सहज ओलांडू शकतात. विजेचा खांब, झाडाचा बुंधा किंवा फलक यांनी अडवलेली जागा या १.८ मीटरमध्ये धरायची नसते.

दुसरी खूण उंचीची. पदपथ रस्त्यापासून १५ सेंटिमीटरहून अधिक उंच नसावा, असे हेच मानक सांगते. कित्येक ठिकाणी तो याच्या दुप्पट उंच असतो. मग गुडघेदुखी असलेली व्यक्ती खाली रस्त्यावरूनच चालणे पसंत करते आणि आपण म्हणतो, 'पदपथ असून लोक वापरत नाहीत.' प्रत्येक इमारतीच्या फाटकापाशी पदपथ खाली उतरून पुन्हा वर चढत असेल, तर तेही चढ-उतार गुडघ्यांना नकोसे होतात. चांगल्या रचनेत पदपथ सलग राहतो आणि गाड्या त्यावर चढून हळू आत जातात.

तिसरी खूण ओलांडण्याच्या जागेची. मघाच्या १४ मीटर रस्त्याकडे पुन्हा पाहू. चौकापाशी दोन्ही बाजूंचे पदपथ पार्किंगच्या पट्ट्याइतके, म्हणजे दोन-दोन मीटर पुढे आणले, तर ओलांडायचे अंतर १० मीटर उरते. आजींना आता साडेबारा सेकंद पुरतात. दुसरा उपाय म्हणजे मध्ये उभे राहण्यासाठी सुरक्षित बेट ठेवणे. सात मीटर चालायचे, नऊ सेकंदांत बेटावर पोहोचायचे, श्वास घ्यायचा, मग उरलेले सात मीटर. दोन्ही वेळा एकाच दिशेची वाहने पाहायची असतात, त्यामुळे डोळ्यांवरचा आणि मनावरचा ताणही कमी होतो. बेट मात्र खरोखर उभे राहता येईल असे रुंद आणि झेब्रा पट्ट्यांच्या पातळीत हवे; दुभाजकावर चढून पलीकडे उडी मारावी लागत असेल, तर त्याचा उपयोग नाही.

चौथी खूण उंचावलेल्या झेब्रा पट्ट्यांची. पट्ट्यांच्या ठिकाणी रस्ताच पदपथाच्या पातळीपर्यंत वर उचललेला असतो. चालणाऱ्याला खाली उतरावे लागत नाही आणि वाहनांना वेग कमी करावाच लागतो. शाळा, रुग्णालय, बाजार, बाग यांच्या दारात ही रचना विशेष शोभते.

येथे पादचारी पुलाचा उल्लेख करायला हवा, कारण 'पूल बांधून द्या' ही मागणी वारंवार होते. पुलाखालून उंच वाहने जायची, तर साडेपाच मीटर उंची ठेवावी लागते. पंधरा सेंटिमीटरच्या पायऱ्या धरल्या तर चाळिसेक पायऱ्या चढायच्या आणि तितक्याच उतरायच्या. ज्यांच्यासाठी पूल हवा म्हणून आपण मागणी करतो, त्यांनाच तो वापरता येत नाही. उद्वाहन असेल तर ते सदैव चालू राहण्याची हमी हवी. शहरातल्या रस्त्यावर जमिनीच्या पातळीवरच सुरक्षित ओलांडता येणे, हाच ज्येष्ठांसाठी खरा उपाय आहे.

मग वाहतुकीचे काय?

पदपथ रुंद केला की वाहनांची कोंडी होईल, अशी शंका प्रामाणिकपणे घेतली जाते. तिचे उत्तर रस्त्याच्या रचनेतच आहे. आपले अनेक रस्ते कोठे चार गाड्यांइतके रुंद, तर कोठे अडीच गाड्यांइतके अरुंद असतात. रुंद भागात वाहने पसरतात आणि अरुंद भागापाशी एकमेकांत घुसतात. कोंडी तेथे होते. रस्ता सर्वत्र सारख्या रुंदीचा केला, तर वाहने सरळ रांगेत चालतात. जी जास्तीची रुंदी वाहतुकीच्या कामी येतच नव्हती, ती पदपथाला, बसथांब्याला, पार्किंगला देता येते. शिवाय चालणाऱ्याला पदपथ मिळाला की तो रस्त्यावर उतरत नाही, त्यामुळे वाहनचालकाचाही मार्ग मोकळा राहतो.

पथारीवाल्यांचा प्रश्नही असाच समजुतीने पाहावा. पदपथ अडतो हे खरे; पण संध्याकाळी रस्त्यावर भाजीवाली बसलेली असते, म्हणून तो रस्ता ज्येष्ठांना सुरक्षित वाटतो, हेही खरे. चक्कर आली तर पाणी देणारी, हात धरून बसवणारी तीच असते. त्यांना ठरावीक जागा आखून देणे आणि चालण्याचा पट्टा मोकळा राखणे, दोन्ही एकत्र साधता येते.

परदेशांतील काही शहरांनी या कामात ज्येष्ठांनाच केंद्रस्थानी ठेवले आहे. न्यूयॉर्कने २००८ साली ज्येष्ठांसाठी सुरक्षित रस्ते असा स्वतंत्र उपक्रम सुरू केला. वृद्ध पादचाऱ्यांना जेथे अधिक इजा होत होत्या, असे भाग निवडून तेथे सिग्नलचा वेळ वाढवणे, मध्ये बेटे बांधणे अशी कामे हाती घेण्यात आली. सिंगापूरमध्ये २००९पासून ज्येष्ठांनी आपले कार्ड सिग्नलच्या खांबावरील यंत्राला लावले की हिरवा दिवा आणखी काही सेकंद टिकतो. तेथेच २०१४पासून ज्येष्ठांची वस्ती अधिक असलेल्या भागांत वाहनांचा वेग कमी ठेवणारी खास क्षेत्रे आखली जात आहेत. या उपायांना फार मोठा खर्च येतो असे नाही. सिग्नलचे सेकंद वाढवायला तर खोदकामही लागत नाही.

रस्ता बदलेपर्यंत

रस्ते बदलायला वेळ लागेल. आपले आजचे चालणे तोवर थांबवून चालणार नाही. म्हणून काही गोष्टी स्वतःच्या सवयीत आणाव्यात.

* सिग्नल आधीच हिरवा असेल, तर लगेच पाऊल टाकू नये. तो कधी लागला हे आपल्याला ठाऊक नसते. एकदा लाल होऊ द्यावा आणि नव्याने हिरवा झाल्यावर निघावे.
* एकेरी रस्त्यावरही दोन्ही बाजूंना पाहावे. उलट दिशेने येणारी दुचाकी कोणत्याही क्षणी समोर येऊ शकते.
* थांबलेल्या बसच्या पुढून रस्ता ओलांडू नये. बसचालकाने थांबून वाट दिली, तरी बसच्या आडून येणारे वाहन आपल्याला दिसत नाही आणि त्यालाही आपण दिसत नाही.
* रस्त्याच्या मध्यावर असताना दिवा बदलला तर धावू नये, एकदम मागेही फिरू नये. हात वर करून, वाहनचालकांकडे पाहत, त्याच गतीने पुढे जावे. आपली हालचाल अंदाज बांधता येईल अशी असावी.
* सकाळी लवकर किंवा संध्याकाळी बाहेर पडताना फिक्या रंगाचे कपडे घालावेत. चपलेऐवजी मागे पट्टा असलेली, न घसरणारी पादत्राणे वापरावीत. काठीच्या टोकाचे रबर झिजले असेल तर बदलावे. एक पाय अधू असेल तर काठी साधारणतः त्याच्या विरुद्ध हातात धरतात.
* रक्तदाबाच्या, झोपेच्या किंवा लघवीच्या गोळ्यांनंतर उभे राहताना गरगरत असेल, तर फिरायला जाण्याच्या वेळेबद्दल डॉक्टरांशी बोलावे. गोळी स्वतःहून बंद करू नये.

सोबत जाणाऱ्यांसाठीही दोन शब्द. वाहनांच्या बाजूने आपण चालावे आणि ज्येष्ठांना आतल्या बाजूला ठेवावे. त्यांचा हात ओढू नये. आपला दंड त्यांना धरू द्यावा, म्हणजे तोल त्यांच्या ताब्यात राहतो. 'चला, चला, लवकर' ही घाई टाळावी. घाईमुळे वेग फारसा वाढत नाही, पाऊल मात्र चुकते. आणि शक्य असेल तेव्हा 'नका जाऊ' म्हणण्याऐवजी 'मी येतो बरोबर' म्हणावे. एखादा रस्ता त्यांच्यासाठी खरोखरच धोक्याचा असेल, तर दुसरा रस्ता एकत्र फिरून शोधावा.

आपला रस्ता आपण मोजू या

शेवटी एक छोटा उपक्रम सुचवतो. त्यासाठी घड्याळ, मोजपट्टी आणि एक वही पुरे.

घरात चार मीटर अंतर आखा आणि ज्येष्ठांना नेहमीच्या चालीने चालायला सांगा. सुरुवातीला दोन पावले आधीपासून चालू द्यावीत, म्हणजे खरी चाल कळते. पाच सेकंद लागले तर वेग सेकंदाला ०.८ मीटर आहे. त्याहून अधिक वेळ लागत असेल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांच्या कानावर जरूर घालावे, कारण चालण्याचा मंदावलेला वेग हा स्नायूंच्या दुर्बलतेचा संकेत असू शकतो.

मग नेहमीच्या चौकात जा. पादचाऱ्यांचा हिरवा दिवा किती सेकंद राहतो, तीन वेळा मोजा. रस्त्याची रुंदी पट्ट्यांच्या कडेने, रहदारी नसताना आणि तरुण माणसाच्या मदतीने, पावलांनी मोजली तरी चालेल. पदपथाची उंची, मोकळी रुंदी, उखडलेल्या फरशा, न पेटणारे दिवे यांची नोंद करा. दोन-चार छायाचित्रे घ्या.

हे सारे एका पानावर लिहून आपल्या क्षेत्रीय कार्यालयात द्या, एक प्रत वाहतूक पोलिसांकडे द्या आणि पोच घ्या. 'रस्ता धोकादायक आहे' या वाक्यापेक्षा 'या चौकात पादचाऱ्यांना १२ सेकंद मिळतात, आमच्या संघातील सभासदांना १८ सेकंद लागतात' हे वाक्य अधिक परिणामकारक ठरते. एकट्याने देण्यापेक्षा परिसरातील ज्येष्ठ नागरिक संघाच्या नावाने निवेदन द्यावे. पुण्यात तर महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामे सुचवून घेण्याची पद्धत २००६ सालापासून आहे. बाक, उतार, झेब्रा पट्टे अशी लहान कामे त्यातून सुचवता येतात.

ही मागणी म्हणजे कोणाकडे मागितलेली सवलत नव्हे. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की, अडथळा नसलेल्या, दिव्यांगांनाही वापरता येतील अशा पदपथांचा हक्क हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ने दिलेल्या जीविताच्या हक्कातच अंतर्भूत आहे. आपल्या निवेदनात या निर्णयाचा उल्लेख अवश्य करावा.

ज्येष्ठांना सोयीचा रस्ता शेवटी सर्वांच्याच उपयोगी पडतो. बाळाची गाडी ढकलणारी आई, पाठीवर दप्तर घेतलेला मुलगा, पाय प्लॅस्टरमध्ये असलेला तरुण, सामानाची ढकलगाडी नेणारा हमाल यांनाही तोच सलग पदपथ आणि तेच जास्तीचे सहा सेकंद हवे असतात. आणि आज जे पन्नाशीत आहेत, ते आणखी वीस वर्षांनी याच चौकात उभे राहणार आहेत.

उद्या सकाळी फिरायला निघताना खिशात ही छोटी वही ठेवा. बाबांना किंवा आईला सोबत घ्या, चौकात पाच मिनिटे थांबा आणि सेकंद मोजा. डॉक्टरांनी सांगितलेल्या अर्ध्या तासातच हे काम होऊन जाईल.